किनाऱ्यावर बाळासाठी सावली कशी निवडावी

वर्षाच्या आतल्या बाळाला समुद्रावर नेताना सावली घरूनच सोबत न्यावी लागते. दिवेआगर, गुहागर, आंजर्ले, तारकर्ली अशा लांब पुळणींवर पाण्याजवळ आडोसा नसतो. सुरूचे बन किंवा माडांची रांग असते ती बरीच मागे. म्हणून अनेक पालक घडीचा तंबू शोधू लागतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. ‘बेबी टेंट’, ‘बीच टेंट’, ‘किड्स टेंट’ या नावांखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात: घडीची मच्छरदाणी, घरात खेळायचे कापडी घर, डोंगरावर मुक्कामाला न्यायचा तंबू आणि खरोखर उन्हासाठी केलेला निवारा. छायाचित्रात त्या सारख्याच दिसतात. चुकीची वस्तू घेतली, तर बाळ उन्हातून सुटून उकाड्यात सापडते, आणि तान्ह्या बाळासाठी उकाडा उन्हाइतकाच घातक असतो.

निवडीचा योग्य क्रम असा: आधी जायची वेळ, मग वारा, मग दिशा आणि शेवटी कापड. जाहिरातींत हा क्रम नेमका उलटा असतो.

बाळाला उन्हापासून इतके जपायचे कशासाठी

तान्ह्या बाळाची त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्र मोठे असते. त्यामुळे बाहेरची उष्णता अंगात लवकर शिरते. घाम येऊन शरीर थंड होण्याची क्रियाही मोठ्यांइतकी पक्की झालेली नसते. गरम झाले तर बाळाला सरकून सावलीत जाता येत नाही, तहान लागल्याचे सांगता येत नाही.

सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात ठेवूच नये, असा अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला आहे. या वयात भर सावली आणि अंगभर सुती कपड्यांवर असतो. सनस्क्रीन लावायचेच झाले, तर सावली आणि कपडे दोन्ही अपुरे पडतील तेव्हा चेहरा, हाताची मागची बाजू अशा थोड्या भागावर आणि अगदी थोडे. सहा महिन्यांनंतर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, एसपीएफ ३० किंवा जास्त असलेले सनस्क्रीन सावलीच्या जोडीला वापरता येते. जोडीला, सावलीऐवजी नव्हे.

दोन समजुतींचा इथेच विचार करायला हवा. सावळ्या त्वचेला उन्हाचा त्रास नाही, ही पहिली. गडद त्वचा चटकन भाजत नाही हे खरे, पण अंग तापण्यापासून तिचे काहीच संरक्षण मिळत नाही. दुसरी समजूत कोवळ्या उन्हाची. तेल लावून सकाळी अंगणात बाळाला थोडा वेळ धरणे आणि अकरा वाजता पुळणीवर तासभर ठेवणे यांत फार अंतर आहे. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी समुद्रावरच्या उन्हाची गरज नाही. पहिल्या वर्षात रोज ४०० एककांचे थेंब देण्याची शिफारस भारतीय बालरोगतज्ज्ञ करतात.

कधी जायचे, हे आधी ठरवावे

कुठल्याही तंबूपेक्षा घड्याळ जास्त उपयोगी पडते. त्यासाठी एक सोपी खूण आहे: उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड झाली, की ऊन बाळासाठी कडक झाले असे समजावे. कोकण किनाऱ्यावर मे महिन्यात ही स्थिती साधारण सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीनपर्यंत असते. डिसेंबरात ती अकरा ते दोन इतकीच असते, कारण तेव्हा भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो.

अतिनील किरणांचा निर्देशांक बहुतेक मोबाइलवरच्या हवामान अॅपमध्ये दिसतो. तो ३ किंवा जास्त झाला की संरक्षण हवे आणि ८ किंवा जास्त झाला की जास्तीचे हवे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एप्रिल-मे महिन्यांत निरभ्र दुपारी मुंबई व कोकणात हा आकडा ११ च्याही वर जातो, म्हणजे त्या मोजपट्टीवरच्या सर्वांत वरच्या पायरीवर. अशा दुपारी कितीही चांगला तंबू असला तरी तान्ह्या बाळाला पुळणीवर नेऊ नये. तंबूमुळे सकाळचे नऊ दहापर्यंत लांबवता येतात किंवा संध्याकाळचे पाच साडेचारवर आणता येतात. त्याहून जास्त अपेक्षा त्याच्याकडून करू नये. ढगाळ दिवशीही हे वेळापत्रक सोडू नये, कारण पातळ ढगांतून अतिनील किरणांचा बराच मोठा भाग खाली येतो.

बाजारात काय काय मिळते

- पॉप-अप तंबू. कड्यात गुंडाळलेली तार सोडली की आपोआप उघडतो. एका हातात बाळ असताना हाच सोयीचा. घडी मात्र इंग्रजी आठच्या आकारात पीळ देऊन घालावी लागते आणि ती घरी चार वेळा सराव केल्याशिवाय जमत नाही. घडीची चकती मोठ्या परातीएवढी होते. एसटीच्या रॅकवर ती बसते, स्कूटरवर अडचण करते. तार पोलादी असेल तर खाऱ्या हवेने गंजते.
- काड्या घालून उभारायचा अर्धगोल तंबू. तीन बाजू बंद, एक उघडी. उभारायला वेळ लागतो, पण आत जागा जास्त मिळते आणि वाऱ्याला तो नीट तोंड देतो. बाळ, आई आणि आजी अशा तिघांना बसायचे असेल तर हा प्रकार पाहावा.
- बाळापुरता बुटका तंबू. आकर्षक दिसतो, किंमतही कमी. छत बाळाच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ असल्याने आतली हवा लवकर तापते. काहींच्या तळाला पाणी भरायचा खळगा असतो. काही सेंटिमीटर पाण्यातही तान्हे बाळ बुडू शकते, त्यामुळे तो खळगा रिकामाच राहू द्यावा.
- ताणून बांधायचे छत. लवचीक कापड, दोन खांब आणि कोपऱ्यांत वाळूच्या पिशव्या. चारही बाजू मोकळ्या असल्याने हवा उत्तम खेळते. सरकते ऊन आणि आजूबाजूने येणारे किरण मात्र अडत नाहीत. बाळाबरोबर मोठी भावंडे असलेल्या कुटुंबाला हे छत आणि त्याखाली बाळासाठी आडोसा अशी जोडी चालते.
- मोठी छत्री. सर्वांत सोपी, आणि एकटी असेल तर सर्वांत अपुरी. अमेरिकेत टेक्सासमध्ये तलावाच्या काठी झालेल्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, छत्रीखाली साडेतीन तास बसलेल्या मोठ्या माणसांपैकी ७८ टक्के लोकांची त्वचा कुठे ना कुठे भाजली. केवळ सनस्क्रीन लावलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. चाचणीचा खर्च सनस्क्रीन बनवणाऱ्या कंपनीने केला होता, हे लक्षात घेऊनही छत्रीची उणीव त्यातून स्पष्ट दिसते: डोक्यावरचे ऊन अडते, बाजूंनी येणारे अडत नाही.

घडीची मच्छरदाणी आणि घरात खेळायचे कापडी घर उन्हासाठी विचारातच घेऊ नये. जाळी डास अडवते, किरण नव्हे. गिर्यारोहणाचा तंबू पावसासाठी घट्ट विणलेला असतो. त्यावर लिहिलेला ‘३००० मिलिमीटर’ हा आकडा पाणी अडवण्याचा आहे, उन्हाशी त्याचा संबंध नाही. उलट असा तंबू उन्हात लावला की आत कोंडलेली हवा काही मिनिटांत असह्य होते.

हवा खेळणे: पहिली कसोटी

कोकणातली हवा दमट असते. कोरड्या प्रदेशात सावलीत बसले की बरे वाटते. इथे सावलीत वारा नसेल तर घाम वाळतच नाही. म्हणून तंबूच्या पाठीला मोठी जाळीदार खिडकी आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. ती उघड्या दाराच्या बरोबर समोर असली तर वारा आरपार जातो. एकाच भिंतीत दोन खिडक्या असून उपयोग नाही. गरम हवा वर चढते, म्हणून छताच्या माथ्याशी लहान झरोका असेल तर तो तंबू उजवा समजावा. खिडकीवरचा पडदा बाहेरून बंद होतो की आतून, हेही पाहावे. बाळ मांडीवर असताना आतून हात पोचायला हवा.

उंचीचा विचार आईच्या बसण्यावरून करावा. ताठ बसून पाजता यावे यासाठी मधली उंची किमान ११० सेंटिमीटर हवी. लांबी १८० ते २०० आणि खोली १२० सेंटिमीटर असेल तर बाळ आडवे, आई बसलेली आणि कपड्यांची पिशवी असे सगळे आत मावते. यापेक्षा लहान तंबूत बाळ एकटे आत आणि मोठी माणसे बाहेर उन्हात, अशी विभागणी होते, आणि ती सुरक्षित नाही.

पाजताना आडोसा हवा म्हणून पुढचे दार चेनने पूर्ण बंद करण्याचा मोह होतो. असे करू नये. दाराच्या वरच्या कडेला दोन चिमटे लावून पातळ ओढणी अर्ध्यापर्यंत सोडली की आडोसाही होतो आणि खालून वाराही येतो. पाजून झाले की ओढणी काढावी.

बाबागाडीवर किंवा झोळीवर दुपटे टाकून सावली करण्याची सवय सर्वत्र आहे. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की बाबागाडी कोरड्या कापडाने झाकली तर आतले तापमान बाहेरच्यापेक्षा चढते. पातळ कापड ओले केले आणि जोडीला लहान पंखा लावला तर ते उतरते. या दुसऱ्या उपायाला कोकणात मर्यादा आहे. हवा आधीच दमट असल्याने ओले कापड सावकाश वाळते, आणि वारा नसेल तर आत नुसती वाफ साठते. ओले कापड वापरायचेच तर वारा वाहत असताना, एका बाजूलाच आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा भिजवून.

खात्री करण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे भिंतीवर लावायचा स्वस्त तापमापक. तंबू उभारल्यावर पंधरा मिनिटे तो बाळाच्या जागी, जमिनीलगत ठेवावा. बाहेर झाडाच्या सावलीतल्या तापमानापेक्षा आतला पारा दोन-तीन अंशांनी वर असेल, तर तो तंबू त्या वेळी आणि त्या जागी बाळासाठी योग्य नाही.

तंबूचे तोंड कुठे करावे

पुळणीवर आले की तंबूचे तोंड सहजच समुद्राकडे केले जाते. देखावा तिकडे असतो, पाण्यात खेळणारी मोठी मुलेही दिसतात. महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर दुपारनंतर हीच मोठी चूक ठरते, कारण इथे समुद्र पश्चिमेला आहे. तीन वाजल्यानंतर सूर्य समुद्राच्या बाजूला येतो, जसजसा खाली उतरतो तसतसे ऊन तंबूच्या तोंडातून थेट आत, अगदी मागच्या भिंतीपर्यंत येते. अतिनील किरण अडवणारे यूपीएफ ५० चे कापड डोक्यावर असूनही बाळ उन्हात पडलेले असते.

दिवसाच्या वेळेनुसार रचना अशी असावी:

- सकाळी. सूर्य जमिनीच्या बाजूला. तंबूची पाठ जमिनीकडे, तोंड समुद्राकडे. या वेळी सुरूच्या बनाची सावलीही पुळणीच्या दिशेने पडते, म्हणून बनाच्या कडेला तंबू लावला तर दुहेरी सावली मिळते. नऊपर्यंत तर पुष्कळदा तंबू उघडण्याचीही गरज पडत नाही.
- दुपारी, हिवाळ्यात. डिसेंबरात रत्नागिरीच्या आसपास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५० अंश वर, दक्षिणेला असतो. तंबूची पाठ दक्षिणेकडे करावी, म्हणजे तो किनाऱ्याला आडवा येतो आणि तोंड उत्तरेकडे होते.
- दुपारी, मे महिन्यात. सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. मालवणच्या आसपास मेच्या पहिल्या आठवड्यात आणि मुंबईत १५ मेच्या सुमारास तर उभ्या वस्तूची सावलीच नाहीशी होते. या दिवसांत भिंतींपेक्षा छताची खोली महत्त्वाची. पुष्कळ अर्धगोल तंबूंचे छत पुढे आखूड असते. सूर्य कललेल्या प्रदेशांत ते पुरते, इथे पुढचा अर्धा तळ उन्हात राहतो. अर्थात, या वेळी बाळ घरातच असलेले बरे.
- साडेतीननंतर. पाठ समुद्राकडे, तोंड जमिनीकडे. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारेही या वेळी जोरात असतात, त्यामुळे ऊन आणि वारा दोन्ही पाठीवर येतात. पाठीची जाळीदार खिडकी उघडी ठेवली की वारा आत येतो. तिच्यातून ऊन येऊ लागले तर पडदा अर्धा पाडावा. समुद्रातल्या मुलांवर लक्ष ठेवायला मात्र एक मोठे माणूस तंबूबाहेरच हवे.

प्रत्येक किनारा सरळ पश्चिमेला तोंड करून असतोच असे नाही. खाडीच्या मुखाशी किंवा डोंगराच्या कुशीतल्या छोट्या पुळणींची दिशा वेगळी असते. मोबाइलमधील होकायंत्राने ती पाहून घ्यावी. सूर्य ताशी १५ अंश सरकतो, म्हणून दर अर्ध्या तासाने आतली उन्हाची कड कुठे आली आहे ते पाहून बाळाला किंवा तंबूला हलवावे लागते.

आणखी एक तपासणी बाळाच्या जागेवरूनच करता येते. बाळ निजणार तिथे मोबाइल उताणा ठेवून पुढच्या कॅमेऱ्याने छायाचित्र काढावे. त्यात मोकळे आकाश जितके जास्त, तितके विखुरलेले अतिनील किरण बाळापर्यंत जास्त पोचतात. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, म्हणून सावलीतही बाळाच्या अंगात पूर्ण बाह्यांचे सैल सुती झबले आणि डोक्याला रुंद कडेची टोपी असावी. कुंची थंडीत छान; उन्हाळ्यात ती कान आणि मान झाकून उकाडा वाढवते.

कापड आणि लेबल

कापडाचे मोजमाप यूपीएफ या आकड्याने होते. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, अर्थात २ टक्के, कापडातून आत येतो. यूपीएफ ३० असेल तर सुमारे ३.३ टक्के आणि १५ असेल तर ६.७ टक्के. बाळासाठी ५० किंवा ‘५०+’ पाहावे. काही तंबूंवर ‘एसपीएफ ५०’ असे छापलेले असते. एसपीएफ हे त्वचेवर लावायच्या मलमाचे माप आहे, कापडाचे नव्हे. असे लेबल दिसले तर चाचणी कशाची झाली, हे विक्रेत्याला लेखी विचारावे. नुसते ‘यूव्ही प्रोटेक्शन’ लिहिले असेल आणि आकडा नसेल, तर ते नसल्यासारखेच समजावे.

घट्ट विणीचे पॉलिस्टर अतिनील किरण चांगले अडवते. पातळ पांढरे सुती कापड, विशेषतः ओले झाल्यावर, फारच कमी अडवते. चार काठ्यांवर जुनी साडी बांधून केलेली सावली डोळ्यांना सुखद वाटली तरी तिच्यावर विसंबू नये. कापड उजेडासमोर धरून पाहावे: विणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर ते बाळासाठी अपुरे आहे. बाहेरून चंदेरी लेप असलेले छत कमी तापते. हाच लेप काही हंगामांनी पापुद्रे धरून गळू लागतो आणि मग आकडा लेबलावरच उरतो. असा तंबू मोठ्या मुलांच्या खेळाला द्यावा, बाळासाठी वापरू नये.

वापरून झाल्यावर तंबू गोड्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा. मीठ राहिले तर शिवण, चेन आणि तार तिन्ही खराब होतात.

वाऱ्यात टिकण्यासाठी

तंबूसोबत येणाऱ्या बारीक खुंट्या कोरड्या वाळूत धरत नाहीत. वाळूच्या खिशांचा तंबू घ्यावा आणि खिसे ओल्या वाळूने भरावेत. पाच लिटरच्या पिशवीत आठ किलोच्या आसपास वाळू मावते. चार कोपऱ्यांना अशा चार पिशव्या म्हणजे पॉप-अप तंबूला पुरेसा आधार. खिसे नसतील तर कापडी पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून ती हातभर खोल पुरावी आणि दोरीचे दुसरे टोक तंबूला बांधावे. खारे वारे सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी वाढतात. सकाळी शांत हवेत नीट उभा राहिलेला तंबू दोन वाजता उडू शकतो. वाळू उडून आत येऊ लागली की तंबू बंद करण्यापेक्षा घडी घालून निघावे. न रोवलेली छत्री तर वाऱ्याने उडून दुसऱ्या माणसाला गंभीर इजा करू शकते.

जागा निवडताना

भरतीची वेळ आधी पाहावी. कोकणात तिथीवरून भरतीचा अंदाज बांधण्याची जुनी रीत आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी नेहमीच्या रेषेच्या बरेच वर येते. हा ढोबळ अंदाज आहे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच पाहावी. तंबू ओल्या वाळूच्या आणि वाहून आलेल्या काडीकचऱ्याच्या रेषेच्या बराच वर लावावा.

माडाखाली मात्र लावू नये. सावली दाट दिसते, पण नारळ किंवा वाळलेली झावळी कधी पडेल सांगता येत नाही. सुरूच्या बनात हा धोका कमी. तिथली सावली विरळ असल्याने छत हवेच, आणि चटई टाकण्याआधी मुंग्या पाहाव्यात.

गर्दीच्या पुळणींवर घोडागाड्या, चारचाकी मोटारसायकली आणि पॅरासेलिंगच्या जीपा वाळूवरून धावतात. वाळूच्या रंगाचा बुटका तंबू चालकाला दिसत नाही. तंबू उठावदार रंगाचा असावा, चाकांच्या खुणा असलेल्या पट्ट्यापासून दूर असावा आणि बाळ त्यात क्षणभरही एकटे नसावे. वेळास, आंजर्ले, गुहागर किंवा गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे कासवांच्या विणीच्या हंगामात कुंपण घातलेल्या भागाजवळ खुंट्या ठोकू नयेत. वाळूखाली अंडी असतात.

तंबूच्या आत

- वाळू सपाट करून, वर सतरंजी किंवा पातळ चटई घालावी. मऊ वाळूत खळगा पडून बाळाचे तोंड कापडात रुतू शकते. बाळाला उताणेच निजवावे. उशी, जाड दुपटे, खेळणी आजूबाजूला ठेवू नयेत.
- पहिल्या सहा महिन्यांत वरचे पाणी देऊ नये. आईचे दूध अधिक वेळा पाजावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे.
- संध्याकाळी डास आले म्हणून तंबूत किंवा दाराशी कॉइल लावू नये. पॉलिस्टर चटकन पेटते आणि धूर आत कोंडतो.
- बॅटरीवरचा पंखा जाळीबंद असावा आणि थेट तोंडावर नसावा.

बाळ तापते आहे याची चिन्हे लवकर ओळखावीत: अंग गरम आणि लालसर, श्वास जलद, दूध ओढायला कंटाळा, लंगोट बराच वेळ कोरडा, रडताना अश्रू नाहीत, टाळू खोल गेलेली. अशा वेळी बाळाला तंबूतून काढून वारा असलेल्या सावलीत न्यावे, कपडे काढावेत, साध्या पाण्याने अंग पुसावे, पाजावे. बाळ सुस्त झाले, उलट्या होऊ लागल्या किंवा जागे होईना, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळाला समुद्रावर न्यायचे की नाही, हे त्याच्या डॉक्टरांनाच विचारावे.

खरेदी आणि ग्राहकाचे हक्क

विकत घेण्याआधी भाड्याने किंवा ओळखीच्यांकडून मागून एकदा वापरून पाहणे उत्तम. बाळ वर्षभरात रांगू-चालू लागते आणि छोटा तंबू त्याला पुरत नाही, म्हणून बाळापुरत्या तंबूपेक्षा दोन मोठी माणसे बसतील असा अर्धगोल तंबू बहुतेक कुटुंबांना अधिक वर्षे उपयोगी पडतो. वर्षातून एकदाच जाणाऱ्यांनी तर किनाऱ्याला लागून असलेल्या घरी उतरावे आणि ओटीवरची सावली वापरावी. तान्ह्या बाळासाठी तिच्याइतका थंड तंबू बाजारात नाही.

वेष्टनावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा महिना-वर्ष, आयात वस्तूवर मूळ देश आणि तक्रारीसाठी संपर्क असणे वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार बंधनकारक आहे. खेळणे म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. पण ते चिन्ह खेळण्याच्या सुरक्षिततेचे असते, उन्हापासून संरक्षणाचे नव्हे.

ऑनलाइन खरेदीत वस्तूच्या वर्णनाचे पान, यूपीएफचा आकडा दिसेल असे, छायाचित्र घेऊन जपावे आणि पार्सल उघडताना चित्रफीत काढावी. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल, तर ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एक महिन्यात तिचे निवारण करायचे असते. तसे झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यानेही काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते: स्वतः राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात, वकिलाशिवाय, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर विनाशुल्क. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.